कागदाच्या बैलाला आवतन

बाबांच्या हाकेला 'ओ' दिली की ते गप्प बसत. त्यांना पाणी नको असे, गोळी नको असे. मी घरात आहे एवढं कळलं की झालं. मी परसात धुणं धूत असले तरी हाक, स्वयंपाक करत असले तरी हाक. किराणा दुकानात जरा वेळ लागला तर शेजारची बाई मला शोधत यायची. "जा वो लवकर, तुझा बाप दारात येऊन उभा आहे."

मागच्या हिवाळ्यात त्यांना लकवा झाला तेव्हा मी घरी नव्हते. गोंदियाला एका शिकवणी वर्गाच्या ऑफिसात कामाला जात होते, रोज रेल्वेने अप-डाउन. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा अंगणात पडले आणि शेजारच्या बाईला दिसेपर्यंत तसेच पडून राहिले. जीव वाचला, पण डावा हात लुळा पडला, डावा पाय ओढत चालावं लागे. मी नोकरी सोडली. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच भीती होती, की मी गेले आणि ते पुन्हा पडले तर? ते हे बोलून दाखवत नसत. फक्त हाक मारत.

बाबा राईस मिलमध्ये हमाल होते. त्यांना सही येत नाही. अर्जुनीहून गोंदियाच्या कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. आधी बी.ए., मग ग्रंथालयाचा कोर्स. संध्याकाळच्या गाडीने परतले की ते स्टेशनवर उभे असत, अंगाला कोंड्याचा वास, डोक्याला दुपट्टा. माझी पुस्तकांची पिशवी ते माझ्या हातून काढून घेत. दिवसभर पोती वाहिलेल्या माणसाला ही पिशवी कशाला जड करायची, असं मी म्हणत असे. ते ऐकत नसत.

त्यामुळे घरात अडकून पडल्याचा राग कोणावर काढावा, तेच मला कळत नव्हतं. ज्या माणसाने मला गावाबाहेर पाठवलं, त्याच्यासाठीच मी आता दाराबाहेर जाऊ शकत नव्हते. असा विचार आला तरी मला स्वतःची लाज वाटे. मग मी त्यांच्यासाठी मुद्दाम जास्तीचा चहा करी.

आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, समाजमंदिर आहे. दुपारी तिथे मोहल्ल्यातली म्हातारी माणसं जमतात. ज्येष्ठांचा गट असं त्याला नाव आहे, पण तिथे मुख्यतः एकमेकांच्या दुखण्यांची चौकशी आणि सुनांची उणीदुणी चालत. बाबांना माणसांत बसवावं म्हणून मी त्यांना हाताला धरून तिथे नेऊ लागले. मी शेजारी बसले तरच ते बसत. म्हणून मीही त्या गटातली झाले, तिशीच्या आत.

गटाची पुढारी होती मुरमुऱ्याची आजी. आयुष्यभर बाजारात मुरमुरे विकलेली, आवाज भरल्या बाजारात ऐकू जाईल एवढा मोठा. तिच्याशी सतत भांडणारा दुसरा माणूस म्हणजे एस.टी.तून रिटायर झालेला कंडक्टर. गोंदियात वाढलेला, त्यामुळे त्याच्या बोलण्यात निम्मी हिंदी.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या," कंडक्टर एकदा म्हणाला, "आम्हाला काही टाइमपास शिकवा ना. हे मावशीचं रेडिओ स्टेशन ऐकून कान गेले."

"तुझे कान होते कवा? 'थांबा थांबा' म्हणून लोकं ओरडत, तू घंटी वाजवून मोकळा," आजी म्हणाली.

राखीपौर्णिमा जवळ आली होती. मी घरून रंगीत दोरे नेले आणि थोडे साळीचे दाणे. जाड पुठ्ठ्याच्या छोट्या चकत्या कापून त्यांवर खळीने दाणे फुलासारखे चिकटवले, मागून दोरा बांधला. आमच्याकडे धान कुणाच्या घरी नाही? खर्च फक्त दोऱ्याचा. म्हाताऱ्यांना चष्म्यातून एकेक दाणा चिकटवताना बघून मला बरं वाटलं. बाबा मात्र बघत राहिले. "एका हातानं काय होते," म्हणाले.

राख्या संपल्या तसा पोळ्याचा विषय निघाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडी बैल सजवून तोरणाखाली नेतात, मग घरोघर फिरून बोजारा मागतात, लोक त्यांच्या हातावर चार नाणी ठेवतात. पण चांगला लाकडी बैल आता महाग झाला आहे. मोहल्ल्यातली किती तरी पोरं दुसऱ्याच्या बैलामागे नुसती चालतात. मी म्हटलं, आपण कागदाचे बैल करू. प्रत्येकाने आपल्या नातवासाठी एक.

"पाण्यात भिजला म्हणजे?" कंडक्टरने विचारलं.

"तू भिजला त काय होते? कुरकुरतोस, पण चालतोस ना," आजी म्हणाली, आणि बैलांचं ठरलं.

कृती सोपी होती. जुन्या वर्तमानपत्रांच्या घट्ट सुरळ्या करून चार पाय. बाकीच्या कागदाचा बोळा सुतळीने आवळून पोट आणि वशिंड. बांबूच्या कामट्या वाकवून शिंगं. मग कागदाच्या पट्ट्या खळीत बुडवून सगळ्या अंगावरून थरावर थर. खळ तांदळाच्या पिठाची. पुस्तकं बांधायला शिकले तेव्हा खळीत चिमूटभर मोरचूद घालायची मला सवय लागली होती, म्हणजे किडे लागत नाहीत. ती इथे कामाला आली. अंगाला चुन्याचा पांढरा हात, डोळ्यांना चिंचोके, झुलीसाठी शिंप्याकडची कात्रणं, आणि पायांखाली थंड पेयाच्या बाटल्यांच्या झाकणांची चाकं. सोपी कृती, पण पावसाळ्याच्या दमट हवेत बैल काही वाळेनात. आंबूस वास यायला लागला. शेवटी ज्याने त्याने आपला बैल घरी नेऊन चुलीच्या वरच्या फळीवर ठेवला. कंडक्टरच्या घरी गॅस. त्याचा बैल आजीच्या चुलीवर वाळला, आणि ते उपकार आजीने त्याला पुढे रोज ऐकवले.

बाबांनी पहिल्या दिवशी हात लावला नाही. आजी त्यांच्यापुढे कागदाचा बोळा ठेवून म्हणाली, "काऊन गा, दुसऱ्या हाताले काय मेहंदी लावली आहे?"

मी तिला खुणेने गप्प करायला निघाले होते. पण बाबांनी बोळा उचलला. तो गुडघ्यांत धरला, सुतळीचं एक टोक दातांत पकडलं आणि उजव्या हाताने आवळायला सुरुवात केली. गाठ सुटली. पुन्हा आवळली. त्या दुपारी त्यांनी मला एकदाही हाक मारली नाही. मी समोरच बसले होते हे खरं, तरीही.

त्यांचा बैल सगळ्यांत शेवटी झाला. एक पाय आखूड, त्यामुळे किंचित कलता. कंडक्टरने विचारलं, "तुम्हाला नातू नाही, हा कोणाला देणार?"

"कोणाले नाई देत. माझा आहे."

आमच्या घरात कधी बैल नव्हता. शेतच नव्हतं. बाबांनी तो बैल घरी आणून देवाच्या फळीखाली ठेवला आणि त्याच्यापुढे खाट ओढून बसले. मला हसू आलं, आणि मग ते मावळलं.

त्याच आठवड्यात मला फोन आला. गोंदियातल्या एका खासगी कॉलेजात ग्रंथालयात सहायकाची जागा निघाली होती. मी कोर्स केल्यापासून अशा जागेची वाट बघत होते. फोनवरचे सर म्हणाले, "तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी या. कॉलेजला सुट्टी असते, संस्थेचे लोक निवांत भेटतात. पण त्याच दिवशी या, उमेदवार आणखीही आहेत."

मी आजीला आणि कंडक्टरला बाजूला घेऊन विचारलं, बाबांना एक दिवस सांभाळाल का? सकाळपासून समाजमंदिरात बसवीन, संध्याकाळच्या गाडीने परत येईन. नोकरी लागली तर रोजच असं करावं लागेल. बाबा माझ्याशिवाय एक दिवस बसू शकले तर मी जाऊ शकते, नाहीतर नाही.

"जाय," आजी म्हणाली. "त्याले मी पाहतो. कुठं जाते पळून?"

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. ते घास चावत राहिले. मग म्हणाले, "जाय ना." आणि ताटातला भात तसाच ठेवून हात धुतला.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी मैदानावर तोरण तोडून खऱ्या बैलांचा पोळा फुटला. लोक परत येत होते, रस्ताभर घुंगरांचा आवाज होता. आमचा गट समाजमंदिरात आपापले बैल घेऊन जमला. उद्या तान्हा पोळा, म्हणून आज आमच्या बैलांचे खांदे शेकायचे, असं आजीने ठरवलं होतं. खऱ्या बैलांचे खांदे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हळद-तुपाने चोळतात आणि त्यांना जेवायचं आवतन देतात, तसंच. तिने वाटीत हळद-तूप आणलं होतं. ज्याने त्याने आपल्या कागदी बैलाच्या मानेवर बोट फिरवलं. चुन्यावर हळद लागून मानेशी लालसर झालं, तेव्हा सगळे हसले.

आवतन घरच्या बाईने द्यायचं असतं. कोणाची बायको आली होती, कोणाची सून. बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"तू दे."

मला बरंच वाटलं. मी बैलाच्या मानेवर हात ठेवला आणि सगळ्यांसारखं म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." कोणी तरी टाळी वाजवली.

"झालं," आजी म्हणाली. मग एकदम माझ्याकडे वळली. "अवं, पण तू त उद्या जाऊन राहिली ना?"

"हो. सकाळच्या गाडीने."

"मग आवतन कायले देल्लं? आवतन देणाऱ्या बाईनं पाय धुवाचे, तिनंच घास द्यायचा. पाहुण्याले बोलावून घरवालीच गाव सोडून गेली, असं असते का कुठं?"

मी म्हटलं, पहाटे उठून पुरणपोळी करीन, बैलाला घास देऊन मग निघेन.

"तोरणाखालून आल्याशिवाय घास नसते. तान्हा पोळा दुपारून फुटते."

"अरे मावशी, कागज का बैल है, कागज का!" कंडक्टर मध्ये पडला. "त्याला काय समजणार कोणी घास दिला?"

"तुझी टिकट कशाची होती गा? कागदाचीच ना? बिना टिकटीच्या बसू देल्लं का कोणाले?"

कंडक्टर आपल्या बैलाची झूल सारखी करायला लागला. बाकीचे माना डोलवत होते, आणि त्यावरून मला कळलं की इथे आजीच्या बाजूचे सगळेच आहेत. त्यांना माझं वाईट चिंतायचं नव्हतं. पण त्यांनी उभ्या आयुष्यात आवतन देऊन मोडलं नव्हतं. आणि उद्या मी गेले तर याच माणसांच्या भरवशावर बाबांना ठेवून जायचं होतं.

मी बाबांकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मले का मालूम? आपल्या घरी कधी बैल होता?" ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा सैल झाला होता, ताप उतरल्यावर होतो तसा. गेले कित्येक दिवस मी त्यांना असं निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी पोटभर भात खाल्ला.

सकाळची गाडी आमच्या घरातून ऐकू येते. ती आली, थांबली, गेली, तेव्हा मी पुरण वाटत होते. मी जाऊ शकले असते. पाय कोणी बांधले नव्हते. शिकलेली मुलगी मी. कागदाला तहानभूक नसते, हे मला कोणी सांगायला नको होतं. पण आदल्या संध्याकाळी मीच तोंडाने बोलावलं होतं, आणि ते खरं मानणारा माणूस शेजारच्या खोलीत अंघोळ करून नवा शर्ट घालत होता. एका हाताने बटणं लावत होता. मला हाक न मारता.

सरांना फोन केला. घरी अडचण आहे, उद्या आले तर चालेल का? अडचण कोणती हे सांगता आलं नाही. काय सांगणार, पाहुणे जेवायला आहेत म्हणून? ते म्हणाले, "बघा मॅडम, मी काही शब्द देत नाही."

दुपारी तोरणाखाली पोरांची रांग लागली. बारकी पोरं, त्यांच्या दोऱ्यांना लाकडाचे आणि आमचे कागदाचे बैल. त्या रांगेत माझे बाबा. बैलाची दोरी आणि काठी एका हातात मावत नव्हती, म्हणून दोरी त्यांच्या हातात आणि त्यांचा खांदा माझ्या हातात. पुढची पोरगी वळून वळून बघत होती. शेवटी तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही मोठे आहात. मोठ्या पोळ्यात काऊन नाई गेले?"

"माझा बैल लहान आहे ना," बाबा म्हणाले. तिला ते पटलं.

तोरण तुटलं, पोरं ओरडत धावली. बाबा धावू शकत नव्हते, म्हणून आम्ही दोघं मागे राहिलो आणि बैल झाकणांच्या चाकांवर कलत कलत आमच्यामागून आला. मोहल्ल्यातल्या बायकांनी बाबांनाही बोजारा दिला. हातावर ठेवलेलं नाणं ते माझ्या खांद्यावरच्या पिशवीत टाकत. माझ्या दुसऱ्या हातात फोन होता. तो वाजला नाही.

घरी येऊन मी बैलाच्या पायांवर पाण्याचं बोट फिरवलं. जास्त पाणी लावलं असतं तर पाय विरघळले असते. पुरणपोळीचा घास त्याच्या तोंडाशी धरला, मग खाली ठेवला. बाबा खाटेवर बसून बघत होते.

"मालूम होतं मले," ते म्हणाले.

मी घासाचं ताट उचललं.

"लहानपणी मालकाच्या घरी गुरं राखत होतो. मालकीण आवतन द्यायची. तिच्या माहेरी मयत झाली होती एकदा, तरी बैलाचं जेवण झाल्यावर गेली." मग म्हणाले, "मले वाटलं, तुले सांगितलं त तू देशीन नाई."

राग आला. इतका की हातातलं ताट मी जोरात ठेवलं आणि परसात जाऊन उभी राहिले. त्यांनी हाक मारली नाही. मी हाकेची वाट बघत उभी होते, हे माझ्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. ती आली असती तर मी भांडले असते. जे जे इतके महिने मनात होतं ते सगळं बोलले असते, त्यांच्या पोत्यांचं, माझ्या कॉलेजचं, त्या अंगणात पडून राहिलेल्या दिवसाचं. हाक आलीच नाही, म्हणून मला बोलताही आलं नाही. आत गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते, किंवा झोपले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती काठीच्या आवाजाने. बाबा दारात होते, कालचाच नवा शर्ट अंगात.

"कुठं निघालात?"

"समाजमंदिरात बसतो. तू जाय गाडीनं."

"अजून तिथे कुलूप असेल."

"पायरीवर बसतो."

मी त्यांना सोडायला उठले तर त्यांनी मान हलवली. रस्ता ओलांडताना त्यांचा डावा पाय दोनदा अडखळला. मी दारात उभी राहून दोन्ही हातांनी चौकट धरून ठेवली होती. ते पायरीवर बसले आणि घराकडे पाठ केली.

मी गेले. कॉलेजच्या ऑफिसात सर चांगले बोलले. जागा काल भरली होती. एक मुलगी वेळेवर आली, तिचे कागद बरोबर होते, संस्थेने हो म्हटलं. माझे कागद त्यांनी बघितले, परत दिले आणि म्हणाले, पुढे कधी निघालं तर कळवू. मी त्यांचे आभार मानले. खरंच मानले, कारण त्यांची त्यात काही चूक नव्हती.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली होती. बाहेर धानाच्या बांध्यांमध्ये पाणी चकाकत होतं. बाबा पडले असतील, हा विचार माझ्याबरोबर अर्जुनीपर्यंत आला. फोन करून विचारायचं धैर्य झालं नाही.

समाजमंदिरात गेले तेव्हा ते नेहमीच्या जागी बसले होते. त्यांच्यापुढे मुरमुऱ्यांचा कागद पसरला होता.

"आली का तू पाहुणचार संपवून?" आजी म्हणाली. "हा दिवसभर इथंच. जेवला माझ्या घरचं. एकदा लघवीले गेला, कंडक्टर संगं होता. अन् तुझं नावबी नाई काढलं."

"एक बार भी नहीं," कंडक्टरने साक्ष दिली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "झालं?"

"नाही. काल दुसरीला दिली."

आजीने मुरमुऱ्यांचा कागद माझ्याकडे सरकवला. कंडक्टर मुरमुऱ्यांतले खडे निवडायला लागला. बाबांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

मग म्हणाले, "उद्या कुठं जाशीन?"

"उद्या कुठंच नाही, बाबा. जागाच नाही कुठे."

"मग परवा?"

मी चप्पल काढून त्यांच्याशेजारी बसले. ते उत्तराची वाट बघत होते, आणि बाकीचेही.